टॉकीजात रडलेलं घरात सांगायचं नाही

आईला मोबाइलवर वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे इथं लिहायचं धाडस करतेय.

1980 साल. मी पाचवीत. अप्पांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि शहापुरातून बेळगावात दुपारच्या खेळाला नेलं. येताना कपिलेश्वराच्या देवळाजवळ सायकल थांबवली, नळावर खळाखळा तोंड धुतलं, टोपीनं पुसलं आणि म्हणाले, "घरात सांगू नको हां."

नेमकं काय सांगायचं नाही ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सांगण्यासारख्या दोन गोष्टी माझ्याकडं होत्या. एक म्हणजे अप्पा टॉकीजात रडले. दुसरी म्हणजे सिनेमा कानडी होता. यातली जास्त लाजेची कुठली, हे काही मला ठरवता आलं नव्हतं.

अप्पा जुळारी. खडेबाजारातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे वेचून स्टिकमध्ये ओळी जुळवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जन्मभर उलटं वाचून यांना सुलट माणूस ओळखता येत नाही, असं आई म्हणायची. छापखान्यात मराठीच्या केसी, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, होत्या तशा कानडीच्याही. लग्नपत्रिका तर आमच्याकडं कितीतरी दोन्ही भाषांत निघतात; नवरीचा मामा मराठी, नवऱ्याचा चुलता कानडी, मग काय करणार. अप्पांना कानडी बोलायला फारसं यायचं नाही, पण बोटांना यायचं. ऑक्टोबरात राज्योत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका ते स्वतःच्या हातानं जुळवत, आणि 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीत सायकल घेऊन जात. 1956 मध्ये त्या तारखेला राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. तेव्हापासून तो दिवस आमच्या गावात एका गल्लीत सण आणि पलीकडच्या गल्लीत सुतक. पत्रिका का जुळवता असं कुणी डिवचलं तर अप्पा म्हणत, "ती मजुरी आहे." विषय संपला. (गावाचं सरकारी नाव 2014 पासून बेळगावी झालं आहे. मी बेळगावच लिहिते. अप्पा अजून आहेत, विचारतील.)

टॉकीजवाल्यांची हँडबिलं याच छापखान्यात निघत आणि त्याबद्दल कामगारांना कधीमधी पास मिळत. त्या आठवड्यात 'भक्त कुंबार' पुन्हा लागला होता. 1974 चा सिनेमा, राजकुमारांचा. हिंदीतले राजकुमार नव्हेत. ज्यांना कर्नाटकात अण्णावरू म्हणतात ते. हँडबिल अप्पांनीच जुळवलं होतं. जुळवता जुळवता त्यांच्या लक्षात आलं असणार की हा कुंबार म्हणजे तेरचे आपले गोरोबाकाका. मग पास वाया कशाला घालवायचा?

गोष्ट मला पाठ होती. तुम्हालाही असेल. बायको पाण्याला निघते, जाताना नवऱ्याला सांगून जाते की पोराकडं लक्ष ठेवा. नवरा माती तुडवतोय. तोंडात विठ्ठल, डोळे मिटलेले. पोर रांगत रांगत चिखलात येतं. पुढं हात तुटायचा प्रसंग, मग पंढरीला नामदेवांचं कीर्तन, तिथं हातही परत येतात आणि पोरही परत येतं. शेवट गोड आहे हे ठाऊक असल्यामुळं मी निर्धास्त होते. शेंगा खात होते.

टॉकीज भरलं होतं. वडगावच्या विणकरांच्या घरची माणसं, खेड्यातून बाजाराला आलेल्या बाया, कानडी मराठी सगळी सरमिसळ. भजन सुरू झालं की मागच्या रांगेतून कुणीतरी "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचं. ते मराठीत म्हणत होतं की कानडीत, हे त्या शब्दावरून कळायची सोय नाही. विठ्ठलाला खुद्द ज्ञानोबांनीच कानडा म्हटलंय, त्यामुळं त्या बाबतीत आमच्याकडं तंटा नाही.

आणि अप्पा रडले ते भलत्याच ठिकाणी. पोर गेलं तेव्हा सगळं टॉकीज हुंदके देत होतं. तेव्हा अप्पा गप्प होते. पोर परत आलं तेव्हा बायांनी हात जोडले. तेव्हाही गप्प. ते रडले त्याच्या कितीतरी आधी, बाई घागर उचलून दाराबाहेर पडते तेव्हा. अजून काहीसुद्धा झालेलं नव्हतं. पोर खेळत होतं. अप्पांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं, शेंगेचं फोलपट घशात अडकलं.

कानडी न कळता हा माणूस रडला कसा, याचं मला पुढं बरीच वर्षं नवल वाटत राहिलं. चुकीचा प्रश्न घेऊन बसले होते.

त्या वयात माझं वाचन म्हणजे चांदोबा मासिक आणि इंद्रजाल कॉमिक्स. चांदोबा मद्रासहून यायचा. 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला आणि मग एकेक भाषा घेत मराठीतही आला. सगळ्या भाषांत चित्रं तीच, अक्षरं तेवढी वेगळी. शेजारच्या घरात कानडी अंक यायचा. त्या घरातली पोर आणि मी कट्ट्यावर दोन्ही अंक शेजारी शेजारी मांडून बसायचो. राजा विक्रम तोच, हातातली तलवार तीच, खांद्यावर लोंबणारं प्रेत तेच. मी त्याला वेताळ म्हणायचे, ती बेताळ. बापड्याला दोन्ही घरात झाडावर परत जावं लागायचं.

इंद्रजालमधला वेताळ निराळा. जांभळा अंगरखा, कवटीची अंगठी, पांढरा घोडा. मूळचा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रातला, 1936 पासूनचा. आमच्यापर्यंत आला तो मराठी बोलतच. बसस्टँडजवळ पानपट्टीला लागून एक माणूस दोरीवर पुस्तकं वाळत घातल्यासारखी लावायचा आणि दहा पैशांत एक वाचायला द्यायचा, तिथंच उभं राहून. पोरं मारामारीची पानं वाचून पळायची. मी मात्र कवटीच्या गुहेत अडकायचे. तुम्हाला आठवत असेल, हा वेताळ चारशे वर्षं जिवंत आहे असं जंगलातल्या लोकांना वाटतं. चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून एक तरुण किनाऱ्याला लागला ते साल 1536, आणि आपण वाचतो तो त्याच्या वंशातला एकविसावा. बाप मेला की पोरगा तोच पोशाख चढवतो. गुहेत आधीच्या विसांची थडगी रांगेनं आहेत. म्हणजे जो कधी मरत नाही अशी ख्याती, त्याच्या घरात दर पिढीला एक पोरगा बापाला गुहेत ठेवतो, डोळे पुसतो, मुखवटा बांधतो आणि बाहेर येऊन काहीच झालं नाही असं दाखवतो. बाहेर सांगायचं नाही!

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पानपट्टीवाल्यासमोर मला रडू फुटलं. मुद्दाम रडवायला लिहिलेली गोष्ट नव्हती ती, बंदुका आणि चाच्यांची होती. पण पुस्तकात एक सोय असते. मी त्या थडग्यांच्या चौकटीवर बोट ठेवून थांबू शकत होते. दहा पैसे दिलेले, घाई नाही. टॉकीजात मशीनवाला कुणासाठी थांबत नाही.

"रडूलास काय गं?" पानपट्टीवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही, मी जातो." (आमच्याकडं पोरीसुद्धा 'जातो, येतो' म्हणतात, पुण्याची पाहुणी आली की हसते.)

याच्या उलट शाळेत झालं. 'श्यामची आई' दाखवला. 1953 चा, अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून काळोख केला होता. सुरू होण्याआधी बाईंनी सांगितलं, मुलांनो, आज तुम्हाला रडू येईल. झालं. मी सबंध सिनेमाभर माझे डोळे तपासत बसले. आजूबाजूला पोरी मुसमुसत होत्या आणि मी कोरडी ठक्क. आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटून घरी आल्यावर रडले, ते वेगळं. सानेगुरुजींवर माझा राग नाही, त्यांचं पुस्तक मला पुढं एकटीनं वाचताना लागलं. पण रडण्याचं आमंत्रण देऊ नये. ते सवाष्णीला जेवायला बोलावण्यासारखं नसतं.

मात्र आमच्या धाकट्या काकूला आमंत्रण पुरेसं होतं. 1991 मध्ये 'माहेरची साडी' आला आणि खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर-टेंपो भरून बाया आल्या. काकू चार वेळा गेली. शिकल्यासवरलेल्या लोकांनी या सिनेमाची चेष्टा केली, मीही कॉलेजातल्या तोऱ्यात केली. आईचा आक्षेप वेगळाच, "पैसे देऊन रडायचं?" काकूचं माहेर चंदगडाकडचं, म्हणजे महाराष्ट्रात, सासर आमचं, म्हणजे कर्नाटकात. अंतर विचाराल तर एसटीनं दीड तास. पण ती वर्षातून दोनदा जायची, कारण घरात आजी होती. घरात रडलं तर आजी विचारणार, काय कमी पडलं? टॉकीजात कुणी विचारत नाही. तीन तास काळोख, शेजारची अनोळखी बाईही रडतेय, आणि बाहेर पडताना "काय बाई तो सिनेमा" म्हटलं की सगळं सिनेमावर ढकलता येतं. तिकिटाच्या पैशात हे मिळत असेल तर महाग नव्हे. चेष्टेचं मला आता वाईट वाटतं. काकूला सांगायला हवं होतं, राहून गेलं.

मी पुढं चित्रकलेची शिक्षिका झाले, खानापूर तालुक्यात. पोरांच्या दप्तरांवर स्पायडरमॅन असतो, म्हणून एकदा सातवीच्या वर्गाला त्याची एक गोष्ट सांगितली. माझ्या मुलानं मला वाचायला दिलेली. 1984 च्या जानेवारीच्या अंकातली, अवघी अकरा पानं, रॉजर स्टर्न यांनी लिहिलेली आणि रॉन फ्रेंझ यांनी काढलेली. टिम नावाचा नऊ वर्षांचा पोरगा स्पायडरमॅनची कात्रणं जमवतो. एका रात्री स्पायडरमॅन खिडकीतून येतो, पलंगावर बसून वही बघतो, गप्पा मारतो. जाताना पोरगा विचारतो, तू कोण आहेस? आणि जे गुपित तो जगापासून जपतो ते या पोरासमोर उघडतो, मुखवटा काढतो. मिठी मारून निघून जातो. शेवटच्या चौकटीत कळतं की ती खोली पोराच्या घरातली नव्हे. ते कर्करोगाचं रुग्णालय आहे आणि पोराचे थोडेच आठवडे उरलेत.

वर्ग गप्प झाला. मग मागून एकजण म्हणाला, "टीचर, म्हणून सांगितलं व्हय त्यानं नाव?" बरोबर पकडलं होतं त्यानं. शेवटची चौकट वाचली की हात आपोआप पानं मागं उलटतो आणि मघाशी हसत वाचलेली प्रत्येक चौकट दुसरीच होते. पोराला गुपित सांगणं सोपं का होतं, ते आता कळतं.

मग मी म्हटलं, तुम्हाला माहीत असलेली एखादी गोष्ट घ्या आणि सहा चौकटींत काढा. फळ्यावर चौकटी आखताना मधल्या रिकाम्या पट्टीबद्दलही बोलले. स्कॉट मॅक्लाऊड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं 1993 मध्ये चित्रकथा कशी चालते यावर एक पुस्तक काढलं, तेही चित्रकथेच्याच रूपात. त्यात तो दाखवतो की एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली असते, पुढच्या चौकटीत नुसती किंकाळी. मधल्या कोऱ्या पट्टीत घाव घालतो तो वाचक. पोरांना हे फार आवडलं. पुढचे दोन तास वर्गात नुसत्या कुऱ्हाडी.

एका पोरानं मात्र गोरोबा काढला. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना चांगली म्हणून नावाजलेली, कुंभारांची घरं तिथं पिढ्यान्पिढ्या आहेत. हा त्यातल्याच एका घरचा. त्याच्या कागदावर सहाही चौकटींत फक्त पाय होते. घोट्यापर्यंत चिखलात गेलेले दोन पाय. पहिल्या चौकटीत पलीकडं लुगड्याचा काठ आणि घागरीचा बूड. दुसरीत काठ नाही. तिसरीत कोपऱ्यातून एक इवलासा हात आत आलेला, बोटं पसरलेली. चौथीत पुन्हा नुसते पाय. पाचवीत पाय. सहावीत पाय, आणि पुन्हा तो काठ.

मी तो कागद हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. विठ्ठल नाही, टाळ नाही, एक अश्रू नाही, चेहराच नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सगळे पायच का काढलेस रे? मला वाटलं, काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"तोंड काढायला येत नाही टीचर," तो म्हणाला. आणि मग, "पाय येतात. आज्जा रोज तुडवतोय की. गोल गोल जायला लागतं, मध्ये थांबलं तर माती बिघडते."

मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक गुण तिसऱ्या चौकटीतल्या हाताचा अंगठा चुकीच्या बाजूला होता म्हणून कापला. आता वाटतं, तेवढा कापायला नको होता.

मध्ये थांबलं तर माती बिघडते. घरी येताना बसमध्ये हे डोक्यात घोळत होतं आणि त्याच बसमध्ये मला ती घागर घेऊन जाणारी बाई आणि टोपी तोंडावर धरलेले अप्पा आठवले. तरीही संबंध लागला नव्हता. तो लागला आणखी चार वर्षांनी, एका लग्नात. अप्पांच्या छापखान्यात ट्रेडलवर एक मामा होते. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. पायटा दाबत राहायचा, चाक फिरतं, जबडा उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. मामा आता थकलेत. पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "हा हात आमच्यामुळं ऱ्हायलाय बरं पोरी."

मी दीडेक वर्षाची असताना आई काहीतरी कामाला दवाखान्यात गेली होती आणि मला छापखान्यात अप्पांजवळ सोडून गेली. जाताना सांगून गेली, पोरीकडं बघा. अप्पा अक्षरं जुळवत होते. अक्षरं जुळवताना त्यांना शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येत नसे. मी रांगत ट्रेडलपाशी गेले, काहीतरी धरून उभी राहिले आणि हात घातला. मामांनी पाय उचलला आणि झबल्याला धरून मला मागं ओढलं. मला काहीही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. अप्पांना हाक मारली तेव्हा त्यांनी मान वर केली, त्यांच्या हातातली स्टिक पडली आणि ओळ विस्कटली. "तुझ्या आईला सांगितलं नाही आम्ही कुणी," मामा जिलेबी मोडत म्हणाले. "झालंच नाही काही, तर काय सांगायचं?"

म्हणजे कपिलेश्वराजवळच्या त्या नळावर अप्पांनी मला काय लपवायला सांगितलं होतं, त्याचा हिशोब मी चुकवला होता. गोष्टी दोन नव्हत्या, तीन होत्या.

गेल्या महिन्यात शहापूरला गेले होते. अप्पा आता सत्त्याऐंशीचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, काळा चष्मा लावून खुर्चीत बसतात. माझ्या मुलानं त्यांना टीव्हीवर हवा तो जुना सिनेमा लावून द्यायची सोय केलीय. दुपारी जेवणं झाली, आई आत ओट्यापाशी होती. मी विचारलं, काय लावू? ते म्हणाले, "तो लाव की. कुंभाराचा." एवढ्या वर्षांत त्या सिनेमाचं नाव आमच्या दोघांत निघालेलं नव्हतं.

लावला. बाई घागर घेऊन निघाली. मी अप्पांकडं न बघता रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. आता टॉकीजातसारखं नाही, आता पाहिजे तिथं थांबता येतं. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं उभं राहिलं.

अप्पा थोडा वेळ बघत राहिले.

"का थांबवलास?"

"असंच."

"चालू कर," ते म्हणाले. "पोर येतंय परत पुढं."

मी चालू केला. त्यांनी चष्मा काढला, टोपी शोधली, ती खुंटीवर होती, मग शर्टाची बाही तोंडाला लावली. आतून आईनं विचारलं, "काय गं, ह्यांना काय झालं? गप्पच झालात दोघं?"

"काही नाही," मी म्हटलं. "डोळ्यांत औषध घातलंय."